समुद्राच्या तळाशी बैलबाजार

जालनेकर मंडळी, अंदमानातून लिहून राह्यलो. केस अजून ओलेच आहेत.

सकाळी जेट्टीवर स्कूबाला, म्हणजे पाण्याखाली मासे बघायला नेणारे तीन बोटवाले मागं लागले. दोघं म्हणाले, मासे शंभर टक्के दिसणार. तिसरा म्हणाला, समुद्राचं काही सांगता येत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "हा माणूस खरं बोलून राह्यला. ह्याच्याच संगं जाऊ."

पाण्याखाली नंबरचा चष्मा नसल्यानं मला सगळं धूसर. तेवढ्यात अण्णांनी माझी चार बोटं दाबली. आमच्याकडं बैलाचा सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. जवळ सरकून पाहिलं, तर खडकाच्या कपारीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे चार मासे! मग अण्णांनी अंगठाही धरला. मागून पाचवं पिल्लू निघालं.

वर आल्यावर, आमच्यासंगं खाली उतरलेल्या बोटवाल्यानं विचारलं, हे इशारे कुठं शिकलात? अण्णांनी गुपचूप माझ्याकडं पाहिलं.

मीच जोरात सांगितलं, की हे केदारखेड्याचे बैलांचे दलाल आहेत आणि मी त्यांचा मुलगा.

शाळेच्या फॉर्मवर मी कायम 'शेती' लिहायचो. तुम्ही वडिलांचा धंदा खरा लिहायचात का?