मामांची फुली

आमच्या हिच्या मामांना साक्षात देव भेटला असता, तरी त्यांनी त्याच्याकडे काही मागितलं नसतं. "हितं तुमची काय गैरसोय न्हाय न्हवं?" एवढंच विचारलं असतं, आणि देवाने तोंड उघडायच्या आत त्याच्या सिंहासनाचा पाय डुगडुगतो का ते हलवून पाहिलं असतं. लोकांना त्यांची अडचण विचारल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नसे. एस.टी.त चढले की कंडक्टरला म्हणत, "दिवसभर हुबं ऱ्हाऊन पाय दुकत असतील की वो?" दाढीला बसले की न्हाव्याला विचारत, गिऱ्हाइकाची मान कुठल्या बाजूला बरी पडते. मोहोळला एका लग्नात तर अक्षता पडायच्या ऐन वेळी ते नवरीपाशी गेले आणि मुंडावळ्या टोचतात का म्हणून चौकशी केली. टोचतच होत्या. भटजींना थांबवून त्यांनी त्या सोडायला लावल्या आणि पुन्हा सैल बांधून घेतल्या. मुहूर्त टळला म्हणून वरपक्ष खवळला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "टोचतंय ते पोरीच्या डोक्याला, मुहूर्ताला न्हाय." ती मुलगी पुढे दर संक्रांतीला मामांना तिळगूळ धाडत असे.

मामांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात गेली. तिथे बिघडलेल्या डब्याला 'आजारी डबा' म्हणायचे, आणि तो लांबून ओळखू यावा म्हणून त्याच्यावर खडूने फुली मारायचे. ते काम मामांकडे होतं. मामी गेल्या, मूलबाळ नव्हतं, पेन्शन सुरू झाली, तेव्हा "आठ दिस भाचीकडं ऱ्हातो" म्हणून ते सोलापूरला आमच्या घरी आले आणि सहा वर्षं राहिले. येताना एक ट्रंक आणली आणि खडूंचा एक डबा. मग आमच्याकडे फुल्या उगवायला लागल्या. गळक्या नळाखाली फुली, माझ्या सायकलच्या मडगार्डवर फुली, शेजाऱ्यांच्या कुरकुरणाऱ्या फाटकावर फुली. एकदा भाकरी कच्ची राहिली म्हणून जेवताजेवता त्यांचा हात खिशाकडे गेला, पण हिने नुसतं पाहिलं आणि तो हात रिकामाच बाहेर आला. फुली मारल्यावर मामा अवाक्षर बोलत नसत. बिघाड दाखवणं आपलं काम, दुरुस्ती ज्याची त्याने करायची, हा कारखान्यातला कायदा त्यांनी घरीही चालू ठेवला होता.

मी तेव्हा गावाच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत, एका लहानशा सरकारी दवाखान्यात कारकून होतो. खिडकीत बसून केसपेपर लिहायचे एवढंच माझं काम. दवाखान्याची वेळ सकाळी नऊ ते बारा. बाराचा ठोका पडला की मी खिडकीची लाकडी फळी खाली सोडायचो. दुपारी रजिस्टरं भरावीत असा नियम होता; ती मी घरी अंथरुणावर पडून मनातल्या मनात भरत असे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. एके दिवशी वरच्या ऑफिसातून पत्र आलं की पेशंट फार कमी येतात, तेव्हा हा दवाखाना बंद करून सात रस्त्याकडच्या मोठ्या दवाखान्यात विलीन करण्याचा विचार आहे. तत्पूर्वी स्थानिक नागरिकांची समिती नेमून तिचं मत कळवावं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहा चार नावं." मी लिहिली. एक निवृत्त हेडमास्तर, एक किराणा दुकानदार, एका नगरसेवकांचे मेहुणे, आणि जागा भरायला आमचे मामा.

समितीची पहिली बैठक चहा-चिवड्यावर झाली. हेडमास्तरांनी सुविचाराचा फळा सुचवला, दुकानदारांनी पंखा सुचवला, मेहुण्यांनी नगरसेवकांच्या नावाची कोनशिला सुचवली. मामांनी आधी चिवड्यातले शेंगदाणे संपवले. मग म्हणाले, "समदं झ्याक हाय. पर आजारी मानसं कुटं हायत? त्यास्नी कुनी इचारलं का?" हेडमास्तर हसून म्हणाले, "त्या बिड्या वळणाऱ्या बायका काय सांगणार, मामा?" मामांनी कपबशी खाली ठेवली, चपला घातल्या आणि ते निघून गेले. मला वाटलं, रागावले. ते बायका कुठे भेटतात ते शोधायला गेले होते.

त्या वस्तीतले पुरुष मागावर आणि बायका बिड्या वळायच्या. घरी वळलेल्या बिड्या सकाळी कारखान्यात न्यायच्या, रांगेत बसून तपासून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन दीड-दोनला परतायचं, असा त्यांचा रोजचा क्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या रांगेत जाऊन बसले. रांगेची पुढारी नरसव्वा नावाची एक तेलुगू म्हातारी होती. तिने हटकलं, "काय वो, तुमी बी बिडी वळताव काय?"

"न्हाय की. इचारायला आलोय. दवाखान्यात का येत न्हाय तुमी?"

"दवाखाना उघडा असतंय तवा आमी हितं रांगेत," नरसव्वा म्हणाली. "आमी सुटतो तवा तुमचा दवाखाना बंद. आजारी पडायला बी टाइम लागतंय की." तिची सून सातव्या महिन्यात होती, पोरीचे पाय सुजले होते, आणि तिला सात रस्त्यापर्यंत चालवत न्यायची कशी या काळजीने म्हातारीची झोप उडाली होती.

"मग कवा जमंल तुमाला?" मामांनी विचारलं.  नरसव्वा शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळी रांग खुसखुसली. मामांनी अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली, "म्हनलं, लगीन ठरवताना बी मला कुनी हे इचारलं न्हाय."

त्याच दिवशी दवाखान्याच्या वेळेच्या पाटीवर भली मोठी फुली उमटली. पण नुसत्या फुलीने ऑफिस हलत नाही हे मामांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मतदान घ्यायचं ठरवलं. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे आणून एकावर उगवता सूर्य काढला आणि दुसऱ्यावर डोक्यावर आलेला. प्रत्येक बाईने घरून एक बिडी जादा वळून आणायची आणि सकाळ हवी की दुपार, त्या डब्यात टाकायची. तीन दिवस मामा रांगेपाशी डबे घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर चुकवून मीही एक बिडी सकाळच्या डब्यात सोडली. माझ्या दुपारच्या झोपेचा प्रश्न होता, आणि मी काही संत नाही.

पुढच्या आठवड्यात वरचे साहेब पाहणीला आले. दुपारची वेळ, त्यामुळे नरसव्वा, बाळव्वा आणि रांगेतल्या बाकीच्या मैत्रिणी दाराशी येऊन उभ्या. मामांनी दोन्ही डबे टेबलावर मांडून ठेवले होते. साहेब कागद वाचण्यात गढलेले, सिगारेटचं पाकीट रिकामं झालेलं. त्यांचा हात चाचपडत दुपारच्या डब्यात गेला, एक बिडी निघाली, आणि वाचतावाचताच त्यांनी ती पेटवली.  मामा घसा साफ करून म्हणाले, "साहेब, तुमी बाळव्वाचं मत वडताय."

साहेबांनी बिडीकडे पाहिलं, मग डब्याकडे. मामांनी सगळा प्रकार समजावून सांगेपर्यंत त्यांना ठसका लागला होता. मामांनी अदबीने सकाळचा डबा पुढे सरकवला. "वडायचीच तर ह्यातली वडा. एकच हाय, आन् ती आमच्या जावयाची हाय." बाकी बिड्यांचा दोरा हिरवा होता आणि मी दुकानातून आणलेलीचा लाल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. साहेबही हसले. म्हणाले, तीन महिने दुपारी दोन ते पाच चालवून बघा. पेशंट आले तर ठेवू, नाहीतर बंद करू.

बायका आल्या. पण माझी खोड गेली नाही. आता मी पाचच्या ठोक्याला फळी सोडायला लागलो. एक दिवस शेवटी नरसव्वा सुनेला घेऊन आली. पोर हळूहळू चालत होती, पाच वाजून गेले होते. "उद्या या," म्हणून मी फळी सोडली. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि फळीवर फुली. मी सुतार बोलावून फळीची खाच नीट करून घेतली, तेल घातलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फुली. घरी जेवताना मी वैतागून म्हणालो, "मामा, फळी आता लोण्यासारखी सरकते. अजून काय बिघाड आहे?"

"फळीला काय बी झालेलं न्हाय, जावईबापू," मामा म्हणाले आणि ताक प्यायला लागले.

मी ताटावरून उठलो. इतकी लाज मला त्याआधी आणि त्यानंतरही वाटली नाही. मी तडक नरसव्वाच्या घरी गेलो, तिच्या उंबऱ्यावर बसून सुनेचा केसपेपर लिहिला आणि दोघींना सायकल रिक्षात घालून दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरीणबाईंना घरून बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "आणखी चार दिवस गेले असते तर अवघड होतं." पुढे तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या, आणि तीन महिन्यांनी दवाखाना चालू ठेवण्याचं पत्रही आलं. हेडमास्तरांनी त्याबद्दल समितीचं अभिनंदन केलं.

मामा शेवटी आजारी पडले तेव्हा मोठ्या दवाखान्यात होते. तिथेही नर्सला विचारत, "हुबं ऱ्हाऊन पाय दुकत असतील की वो?" खाटेच्या कडेला त्यांनी खडूने फुली मारली होती. खाट मोडकी आहे असं समजून नर्सने बिचारीने ती बदलून दिली, तर मामांनी नव्या खाटेवरही मारली. या खेपेला मला तिचा अर्थ लगेच कळला, पण ती दुरुस्ती कुणाच्याच हातात नव्हती. मामा गेले त्या दिवशी नरसव्वा नातीला कडेवर घेऊन आली, आणि बिडीच्या रांगेतल्या सगळ्या बायका रांग सोडून आल्या.

मी निवृत्त होईपर्यंत त्या खिडकीत बसलो. पाच वाजले की बाहेर वाकून, कुणी राहिलं आहे का ते विचारून मगच फळी सोडायचो. फळीवरची फुली मी कुणाला पुसू दिली नाही. पण खडू काही टिकत नाही, येताजाता हात लागतो, तो झिजतो. ती पुसट व्हायला लागली की मामांच्या डब्यातला एक खडू घेऊन मी ती गिरवत असे.