बहारीनला थांबलेला दिवस

तुम्हां दोघांना मराठी वाचता येतं, जरा हळू येतं, म्हणून मी सोपं लिहिणार आहे. अडलं तर बाबांना विचारू नका, आत्याला विचारा. कारण पुढे कळेल.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी मोठीचा फोन आला. लेकीला घेऊन ती कुठल्याशा विमानतळावर अडकली होती आणि लहानगी रडून रडून निळी पडत होती. ती म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी टॅब नाही, फोन नाही, तू बाबांना आणि आत्याला कसं सांभाळलंस गं?" तेवढ्यात मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "आम्ही बहारीनला अख्खा दिवस काढला होता. धमाल आली होती." मी फोनवर म्हटलं, मुलांना हिंडवायचं, खायला घालायचं, झोपवायचं, दुसरं काय. ते खरंच होतं. पण ते सगळं नव्हतं. आता माझं वय बघता उरलेलंही कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. हल्ली आपल्या वाशीच्या घरावरून विमानं जातात, नवीन विमानतळ झाल्यापासून. खिडकीत बसले की दिसतात. म्हणूनही असेल.

तुमचे आजोबा तळोज्याला केमिकल कंपनीत इंजिनियर होते. खाडीपूल होऊन काही वर्षं झाली होती. वाशीत आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, आणि त्याचे हप्ते लवकर फिटावेत म्हणून ते कुवेतला गेले. वर्षभराने मी मुलांना घेऊन गेले. वाशीच्या घरात माझ्या सासूबाई आणि धाकटे दीर राहत. कुवेतमध्ये आम्ही थोडेच दिवस एकत्र राहिलो. एके दिवशी साइटवर त्यांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं.

आठवडा कागदपत्रांत गेला. मुलांना मी सांगितलं की बाबा कंपनीच्या कामाला बाहेर गेलेत. मग कंपनीने आजोबांना पेटीतून थेट मुंबईच्या विमानाने पाठवलं, सोबत एक सहकारी होते. त्या विमानात आम्हां तिघांना जागा नव्हती. आम्हाला दुसऱ्या दिवशीचं, बहारीनला बदलायचं तिकीट मिळालं. मुलांना म्हटलं, बाबा पुढे वाशीला गेलेत.

दिरांशी निघण्याआधीच फोनवर बोलणं झालं होतं. "वहिनी, दिवस मावळायच्या आत पोचा. मुलाच्या हातून व्हायला हवं. आईचा एकच हट्ट आहे."

मुलगा म्हणजे तुमचे बाबा. सहा वर्षांचे. अग्नी त्यांनी द्यायचा होता.

त्या दिवशी मला काय वाटत होतं असं विचारलंत तर सांगता येणार नाही. काय केलं ते सांगता येईल. बहारीनला सकाळी उतरलो. मुंबईचं विमान थोड्या वेळाने होतं. मग काउंटरवरचा टाय लावलेला माणूस म्हणाला, विमानाचा एक पार्ट बिघडलाय, दुसरा यायचाय, वेळ सांगता येत नाही. मी त्याला इंग्रजीत विचारलं की आज दुपारपर्यंत सुटेल का. तो म्हणाला, "मॅडम, आय होप सो." मी मुलांकडे परत आले आणि बॅगा रांगेत लावल्या.

मी पूर्वी शाळेत शिकवत असे, म्हणून दिवसाचे शाळेसारखे तास पाडले. पहिला तास आंघोळीचा. बायकांच्या टॉयलेटमधल्या बेसिनवर दोघांची तोंडं, हात, पाय धुतले, मोजे बदलले. दुसरा तास विमानांचा. काचेपाशी उभं राहायचं, शेपटीवरचं चित्र बघून देश ओळखायचा. तिसरा तास पाढ्यांचा, तो पाच मिनिटांत बारगळला. चौथा तास तुमच्या बाबांनी स्वतःच काढला. त्यांनी त्या हॉलची वाशी केली. पाण्याच्या नळाजवळ सेक्टर एक, खुर्च्यांच्या रांगा म्हणजे बिल्डिंगी, ड्यूटी-फ्रीचं दुकान म्हणजे सेक्टर सतरा. सामानाची ट्रॉली ही बस. "ओ काकू, सरका, बस आली!" ते कोणालाही ओरडत.

ज्यांना ओरडले त्यातली एक कोळीण बाई नऊवारी नेसलेली होती. तिचा नवरा तिकडे बंदरात टगबोटीवर होता आणि ती महिनाभर राहून परत निघाली होती. तिने ट्रॉली पायाने अडवली.

"कुठं जाते रं तुजी बस?"

"वाशीला."

"वाशीला? आगो, मी वाशीचीच हाय! वाशी गावातली. तुमी सेक्टरवाले काय?"

"सेक्टर नऊ," तुमचे बाबा म्हणाले.

"मंग तुमची बिल्डिंग आमच्या मिठागरावं हाय. माजा सासरा तिथं मीठ काढायचा. भाडं दे बघू बसचं."

तुमच्या बाबांनी तिला खिशातलं चॉकलेट दिलं. ती इतकी हसली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मग तिने मला विचारलं, "मालक न्हाय सोबत?"

"पुढे गेलेत," मी म्हटलं.

माझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. मुलांना सांगितलेलं नव्हतं म्हणून मी दोन्ही तशीच ठेवली होती. तिने पुढे काही विचारलं नाही. डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेला हलवा. सुतकात मासे खात नाहीत, आणि अग्नी देणाऱ्याने तर त्या दिवशी काहीच खायचं नसतं. तुमचे बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, खा. त्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि काटे नीट कडेला काढले. ती बाई म्हणाली, "पोरगा कोल्याच्या घरात शोभंल." मी चहा घेतला.

आत्या खात नव्हती. तेव्हा ती दहा वर्षांची होती. जेवण झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ माझ्या पर्सचा पट्टा पिळत राहिली. मग म्हणाली, "आई, निघताना शेजारच्या काकूंनी मला कुंकू लावलं."

"हो."

"तुला नाही लावलं. करंड्याचं झाकण लावून टाकलं."

शेजारच्या काकू सोलापूरच्या होत्या. त्यांच्या घरातून कुठलीही बाई कुंकवाशिवाय बाहेर पडत नसे. त्या दिवशी त्या दारात रडल्याही नव्हत्या, मीच तशी विनंती केली होती. चेहऱ्यावर त्यांनी काही दाखवलं नाही. पण हात करंड्याकडे गेला आणि मुलीच्या कपाळाला लावून तिथेच थांबला. रीत मोडणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

"घाईत होत्या," मी म्हटलं.

"आजीला नाही लावत कोणी. तसं?"

वाशीच्या घरी संक्रांतीला बायका यायच्या, तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत बसायच्या. आत्याने ते दर वर्षी पाहिलेलं होतं. मी म्हटलं, "हो. तसं."

ती रडली नाही. ट्रॉली कुठे आहे ते तिने पाहिलं. "त्याला माहितेय?"

"नाही. घरी गेल्यावर सांगू."

"घरी गेल्यावर काय होणार?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, कारण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय होती. बाबा वाशीला घरी आहेत, खाडीकाठी नेणार आहेत, तुझ्या भावाने अग्नी द्यायचा आहे.

"तो?" ती म्हणाली. "तो फुलबाजीसुद्धा काकांना धरायला लावतो. आई, तो तिथे घाबरून ओरडेल."

मी पर्सचा पट्टा तिच्या हातातून सोडवला.

"मी देऊ?"

"मुली देत नाहीत."

"का?"

"नाही देत." त्या काळात माझ्या ओळखीच्या कुठल्याच घरात मुलीने दिलेला नव्हता. ती उठली, ट्रॉलीजवळ गेली आणि तुमच्या बाबांना म्हणाली, "ए कंडक्टर, दोन तिकिटं दे." मग तिन्हीसांजेपर्यंत तीच त्यांच्याबरोबर खेळली. मला उठावं लागलं नाही.

मी काउंटरवर गेले आणि मुंबईला फोन जोडून मागितला. आमच्या घरी फोन नव्हता. तळमजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे होता. त्या टायवाल्या माणसाने आधी नाही म्हटलं. माझ्या नवऱ्याचं प्रेत घरी आहे हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं. ते वाक्य मराठीत मला बोलता आलं नसतं. त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि स्वतः उठून बाजूला उभा राहिला.

दीर डॉक्टरांच्या दवाखान्यातच बसून होते. लगेच आवाज आला. "वहिनी, कुठे आहात तुम्ही?"

"बहारीनलाच. विमान आज कधी सुटेल सांगत नाहीत."

"काही हरकत नाही. आम्ही थांबतो. मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्यात. दोनदा बदलल्या. उद्या सकाळपर्यंत राहील. भटजींशीही बोललोय."

"भावजी, थांबू नका. आज उजेडात तुम्हीच करा."

तिकडे कोणीतरी खोकलं. दवाखान्यात पेशंट असणार.

"मुलगा असताना मी कसा करू?"

"भाऊ आहात. चालतं."

"चालतं हो, पण आई ऐकणार नाही. ती सकाळपासून दारात बसून आहे. तुम्ही पोराला फक्त आणा, मी त्याचा हात धरीन. नुसता हात लावायचाय त्याने."

"नको."

"वहिनी, तुम्हाला आत्ता सुचत नाहीये. आम्हाला कोणालाच सुचत नाहीये."

"मला सुचतंय. आईंना सांगा, मी सांगितलंय म्हणून. मोठी सून म्हणून सांगितलंय."

मग ते म्हणाले, "उद्या मोठा झाला की विचारेल तो तुम्हाला."

"विचारू दे."

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "तुम्ही काही खाल्लंत का?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

जागेवर परत आले. वाशी गावची ती बाई पाय वर घेऊन झोपली होती, डबा उशाला. मी बॅगेतून मुलांचे स्वेटर काढले, घड्या घातल्या, परत ठेवले. काचेबाहेर लख्ख ऊन होतं. तिकडे वाशीत दिवस उतरला असणार हे मला माहीत होतं. घड्याळ मी मुंबईच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तुमच्या बाबांनी ट्रॉली माझ्यासमोर आणून उभी केली. "आई, शेवटची बस आहे. चढ ना."

मी ट्रॉलीच्या कडेला बसले. आत्याने ढकललं. सेक्टर एकपर्यंत जाऊन आलो.

विमान पहाटे सुटलं. वाशीला पोचलो तेव्हा फरशी धुतलेली होती, ओली होती, आणि भिंतीशी दिवा जळत होता. सासूबाई माझ्याशी फक्त एक वाक्य बोलल्या. "पोराचा हक्क घालवलास." मग तेराव्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यांचाही मुलगा गेला होता. कुंकू शेजारणींनी पुसलं. मी कपाळ पुढे केलं.

तुमच्या बाबांना मी जिन्यात बसवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता आपण परत विमानात नाही बसायचं?" मी म्हटलं, नाही. तेव्हा ते रडले. कशासाठी ते मी विचारलं नाही.

त्यांनी मला विचारलं, पण खूप वर्षांनी. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. जेवता जेवता म्हणाले, "मला जमलं असतं तेव्हा." मी म्हटलं, "जमलं असतं." त्यांनी भात संपवला, ताट उचललं, आणि पुढे कधी तो विषय काढला नाही. बहारीनबद्दल बोलतात तेव्हा बसबद्दल बोलतात. मी दुरुस्त करत नाही. तुम्हीही करू नका, वाचून झाल्यावर आत्याशी बोला.

ज्याने अग्नी दिला त्याच्याच घरी पुढे सगळं होत गेलं. दिरांनी वर्षश्राद्ध केलं, मग दर वर्षी करत राहिले. तुमच्या बाबांची मुंज झाल्यावर ते म्हणाले, आता याने करावं. दोन-तीन वर्षं त्यांनी केलंही. मग कॉलेज आलं, मग तुमचा देश आला. ते पुन्हा दिरांकडे गेलं. दीर आता नाहीत. सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या. जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला. त्यात दिरांच्या मुलाचा फ्लॅट आहे, माझाही आहे. भाद्रपदात तो मुलगा ऑफिसला अर्धी रजा टाकतो, तुमच्या आजोबांच्या नावाने पान वाढतो, आणि गच्चीत कावळ्याची वाट बघतो. कावळा येतो. एवढं अजून चालू आहे.