खेचराला दिलेली रोटी

कर्नाळा धावत चढणाऱ्या आम्हा पनवेलच्या चौघा मित्रांना हिमालय म्हणजे जरा उंच कर्नाळाच वाटला होता. नव्वदीची सुरुवात होती. कुठली संस्था नाही, शिबिर नाही. पत्रं लिहून तिथलाच एक गाइड ठरवला, सामानाला दोन खेचरं आणि त्यांचा म्हातारा मालक. सगळं मी जमवलेलं, त्यामुळे अक्कलही माझीच चालायची. तिसऱ्या मुक्कामाला गाइड म्हणाला, इथे एक दिवस थांबा, अंगाला उंचीची सवय होऊ दे. मी ते उडवून लावलं. रजा संपत होती ना!

आमच्यातला सगळ्यात दणकट गडी बेलपाड्याचा. भाताचं पोतं एकटा उचलायचा. निघताना त्याच्या आईने मला बजावलं होतं, "त्याला जपून आन रं. त्याला काय झाला तरी तो सांगनार नाय." वर त्याची पांढऱ्या खेचराशी गट्टी जमली. जेवायला बसलो की हा रोट्या घेऊन तंबूमागे, खेचर त्याच्या मागे. "सोयरीक जमली काय रे?" म्हणून मी चिडवायचो.

खिंड चढायच्या आदल्या सकाळी म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. "दो दिन से उसकी सारी रोटी खच्चर खा रहा है. तुम्हारा आदमी भूखा है."

तंबूत गेलो तर तो बसूनच होता. आडवं झालं की दम कोंडायचा. छातीत भात शिजत असल्यासारखी रटरट ऐकू येत होती.

"बोलला का नाहीस?"

"तू म्हनालास थांबायचा नाय. मंग मी कसा थांबवू सगल्यांना?"

गाइडने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पांढऱ्या खेचरावरचं सामान तिथेच टाकलं, त्याला वर बसवलं आणि आम्ही उलटे फिरलो. दिवसभर मी मागून ती रटरट ऐकत उतरलो. ओढ्याच्या आवाजात ती बुडाली की जीव खाऊन पुढे पळायचो. त्याच्या आईला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खालच्या गावात, रटरट थांबली. गाइडने आम्हाला रोट्या दिल्या. खेचराने सवयीने मान पुढे केली. आमच्या गड्याने हात मागे घेतला.

"आज नाय रं. ही माजी हाय."

मी माझी खेचराला दिली.