सुनेचा नकाशा आणि दोन वर्षांची नात

मुलगा आयर्लंडला, डब्लिनच्या सँट्री भागात नोकरीला, आणि सून तिकडे उत्तरेला, कॅव्हनच्या तळ्यांच्या मुलखात. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मी तीन महिन्यांच्या व्हिसावर सुनेकडे गेले, दोन वर्षांच्या नातीला सांभाळायला. परत येताना नातीला बरोबर कराडला आणायचं आणि सुनेचं काम संपेपर्यंत वर्षभर ठेवायचं, हे दोघांनी मी निघण्याआधीच ठरवलं होतं. मीही हो म्हटलं होतं.

सुनेचं काम जमिनीचा नकाशा करण्याचं. फार पूर्वी तो सगळा भाग बर्फाखाली होता. बर्फानं सरकताना दगड, वाळू, माती ओढत आणली आणि वितळताना जागोजाग टाकून दिली. त्याच्या लांबट टेकड्या झाल्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, आणि मधल्या खोलगटात तळी. कुठे काय पडलंय ते ती शेतोशेत फिरून बघायची. हातानं पिळायचं गिरमिट जमिनीत घालायची, वर आलेली माती बोटांत चोळायची, चिमूटभर दातांखाली धरायची. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. मग नकाशावर रंग.

मला काही त्याचं कौतुक वाटलं नाही. मी म्हणालेसुद्धा, "पोर घरी, आणि तू माती खात फिरतेस."

"आई, माती खाते म्हणून तर पगार मिळतो," ती म्हणाली.

सकाळी ती निघाली की पोर रडायची. मग मी पोरीला "चल, हंबा बघू" म्हणून मागच्या खिडकीशी न्यायला लागले. पलीकडच्या शेतात गाई असायच्या. तेवढ्यात सून पुढच्या दारानं गुपचूप निघायची. आमच्याकडे घरोघरी असंच करतात. विमानतळावरही हेच करायचं ठरलं होतं. मी विमानं दाखवणार, आईबाप मागच्या मागे सटकणार.

काही आठवडे जमलं. मग एका सकाळी मी "चल, हंबा" म्हणाले आणि पोर किंचाळली. पळत पुढच्या दाराशी गेली आणि आईच्या गमबुटाला मिठी मारून बसली. त्यानंतर दुपारीसुद्धा ती खिडकीशी येईना. गाय दिसली की कावरीबावरी होऊन आईला शोधायची. मी हाक मारली तरी आधी दाराकडे बघायची.

शेवटी सून आम्हा दोघींना गाडीत घालून कामावर न्यायला लागली. एकदा फाटकाशी शेताचा म्हातारा मालक आला.

"काय सापडलं? सोनं?"

"चिखल आणि दगड," सून म्हणाली.

"ते मी फुकट सांगितलं असतं!"

दोघं हसले. मग त्यानं आमची चौकशी केली. पुढच्या आठवड्यात सासू नातीला घेऊन भारतात जाणार, वर्षभरासाठी, असं सुनेनं सांगितलं. तो हसायचा थांबला. "ग्रँड," म्हणाला आणि फाटक लावून गेला. ग्रँड म्हणजे छान, पण तिथे बऱ्यावाईट सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

शनिवारी मुलगा आला. बॅगा भरताना मी सांगून टाकलं, "मी हिला नेणार नाही."

"आता? तुझी तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. पण पोर माझ्या हाकेला भिते. वर्षभर माझ्याजवळ कशी राहील?"

"लहान आहे, विसरेल," सून म्हणाली.

"हो. तुलाही विसरेल."

ती लाल झाली. "सरळ सांगा ना आई, माझी ही नोकरी तुम्हाला पहिल्यापासून नको होती."

"नको होती. पण ते वेगळं, हे वेगळं."

तिला ते पटलं नाही. माझ्या मुलालाही नाही.

मी एकटी परत आले. सुनेनं नकाशा अर्धा सोडला, तो दुसऱ्या कुणी पुरा केला. ती पोरीला घेऊन सँट्रीला आली आणि ऑफिसातलं काम धरलं.

दोन हजार एकोणीसला मी पुन्हा गेले. नात माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि फारशी जवळ यायची नाही. आईला मात्र चिकटलेली. सून सगळं नीट करायची, पण कामाचा विषय माझ्यासमोर काढायची नाही. एका दुपारी ती भाजी चिरत होती तेव्हा मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का अजून?"

"आहे," ती म्हणाली. "चहा टाकतेय. घेणार का?"

मी हो म्हटलं.