कुंभार आणि पिंपळगावच्या मधली जागा

माझ्या बायकोच्या मते माझ्या पायाला भिंगरी आहे आणि तोंडाला कुलूप. दोन्ही खरं आहे. एका जागी दहा मिनिटांवर बसलो की माझा उजवा पाय आपोआप हलू लागतो, आणि कुणी काही विचारलं की मला आधी घड्याळ आठवतं. त्यामुळे टायपिंग परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवायला जालना जिल्ह्यातल्या तीन केंद्रांवर एका दिवसात कोण जाईल, असं पुण्याच्या ऑफिसात विचारलं, तेव्हा बाकीच्यांनी मान वर करायच्या आत मी हो म्हणून बसलो होतो.

वडीगोद्री, कुंभार पिंपळगाव आणि जाफराबाद. पहिली दोन जिल्ह्याच्या दक्षिणेला, तिसरं पार उत्तरेला. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत ज्या केंद्राची मशीन परीक्षेच्या ऑनलाइन यादीत 'तयार' दिसतील तेच केंद्र राहणार, नाहीतर तिथल्या परीक्षार्थींना जालन्याला जावं लागणार.

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीनं मी निघालो आणि सकाळच्या थंडीत वडीगोद्रीला उतरलो. हायवेला लागून असलेली दुकानं नुकती उघडत होती. मोसंबीचे ढीग लावले जात होते, टायरवाल्यानं रात्रीची राख झाडून नवी शेकोटी पेटवली होती. समोरच 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी होती. तिच्याखाली उभं राहून मी चार घासांत पोहे संपवले.

इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सॉफ्टवेअर बसवायचे दोन मार्ग असतात. एकात ते पावलोपावली विचारत राहतं: कुठं बसू, भाषा कुठली, केंद्राचं नाव काय? तुम्ही आपले 'पुढे', 'पुढे' दाबत बसता. दुसऱ्यात काळ्या खिडकीत एकच लांब ओळ टाइप करायची. हॉटेलात शिरता शिरता दारातूनच 'दोन चहा, एक बिनसाखरेचा, पार्सल' असं सांगणारं गिऱ्हाईक असतं ना, तसं. ओळीत आधी सॉफ्टवेअरचं नाव, मग थोडी थोडी जागा सोडून एकेक गोष्ट सांगायची: भाषा बरोबर मराठी, ड्राइव्ह बरोबर डी, केंद्र बरोबर वडीगोद्री. आणि शेवटी एक तिरकी रेघ देऊन 'क्वाएट' हा शब्द, म्हणजे गप्प. तो टाकला की सॉफ्टवेअर एकही प्रश्न विचारत नाही आणि कुरकुरतही नाही. मला हा शब्द फार आवडतो.

वडीगोद्रीचं केंद्र खतांच्या दुकानाच्या माडीवर होतं. बारा मशीन, बारा वेळा तीच ओळ, चाळीस मिनिटांत काम फत्ते. केंद्रचालक चहा सांगायला खाली गेले ते वर येईपर्यंत माझी बॅग खांद्यावर होती.

कुंभार पिंपळगावला जायला काळीपिवळी (सीटवर भाडं घेणारी जीप) मिळाली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही बैलाच्या चालीनं. माझा पाय हलायला लागला. शेजारी पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, आणि डब्याच्या झाकणावर त्यांची दहा बोटं नाचत होती. आधी मला वाटलं, आपल्यासारखाच चाळा. मग लक्षात आलं की बोटं ठरलेल्या जागी पडताहेत.

"परीक्षेला का?" मी विचारलं. मीच विचारलं, याचं मला नवल वाटलं.

"हो भाऊ. उद्या हाये. आज सरावाला चालले."

त्यांचं नाव कमलताई. नवरा पंचायत समितीत लिपिक होता. तो गेल्यावर त्याच्या जागी यांना अनुकंपावर (कर्मचारी वारल्यावर घरच्याला मिळणारी) नोकरी लागली, पण ठरल्या मुदतीत टायपिंग पास व्हायची अट होती. दोनदा नापास झाल्या होत्या.

"हे शेवटचं हाये. न्हाई झालं तर घरी," त्या म्हणाल्या. "शब्द बराबर येतात मला. अंगठा धोका देतो. दोन शब्दांच्या मधी जागा सोडायची राहून जाती, अन् शब्द एकमेकांला चिटकतेत." मग स्वतःशीच हसल्या. "माय माझी सही येत न्हाई म्हणून अंगठा लावायची. अन् मी शिकले सवरलेली, तर अंगठ्यापायीच नापास."

परीक्षेला जालन्याला जायचं झालं तर? असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. त्यांच्या गावातून पहिली गाडी निघते तीच मुळी सातनंतर. जालन्यात आठला पोचायचं म्हणजे उडून जावं लागेल. "कुंभार पिंपळगावला यायला देराची मोटरसायकल हाये, तिच्यावर येईन," त्या म्हणाल्या आणि बोटं पुन्हा डब्यावर टेकवली.

कुंभार पिंपळगाव मोठं गाव आहे. त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे भाजीची पालं थेट टायपिंग क्लासच्या पायरीपर्यंत आली होती. क्लास चालवणाऱ्या सुनंदाताईंनी दारातच स्वागत केलं. भिंतीवर दोन पंजांचं मोठं चित्र, प्रत्येक बोटाला वेगळा रंग. पंधरा मशीन पुसून ठेवलेली. मी खुर्ची ओढली, काळी खिडकी उघडली, वडीगोद्रीची ओळ चिकटवली, गावाचं नाव बदललं. सुनंदाताई माझ्या मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"सर, एक इचारू का?"

"काही विचारायचं नाही, ताई. यात तेच तर वैशिष्ट्य आहे. हे काही विचारत नाही आणि आपणही विचारायचं नाही." हे बोलताना मी गमतीत होतो, पण वळून पाहिलं नाही.

त्या पुढचं मशीन सुरू करायला गेल्या. पंधराही मशीननी विनातक्रार काम संपवलं. जेवायला येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी तयार होती. मी थांबलो नाही. "मंग हे तरी न्या," म्हणून त्यांनी कागदात चार धपाटे बांधून दिले. निघताना कमलताई कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेल्या दिसल्या. मी हात केला, पण त्यांची नजर पडद्यावर होती.

घनसावंगी, अंबड करत जालन्याला पोचेपर्यंत साडेतीन वाजून गेले. स्टँडबाहेर जाफराबादची जीप भरायची वाट बघत उभी होती. मी मधल्या सीटवर बसून धपाटा उलगडला, एवढ्यात फोन वाजला. सुनंदाताई.

"सर, ते यादीत आमचं केंद्रच दिसून न्हाई राह्यलं. लिहून येतंय, 'कुंभार' नावाचं केंद्र न्हाई."

"नुसतं कुंभार?"

"पंधराही मशीनवर नुसतं कुंभार. पिंपळगाव कुठंच न्हाई. सकाळी मी तेच इचारत व्हते, का दोन शब्दांच्या मधी जागा आली तर चालन का म्हणून."

माझा पाय हलायचा थांबला. त्या ओळीत जागा सोडली की एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते. त्यामुळे केंद्राचं नाव 'कुंभार'वरच संपलं होतं, आणि पुढचं पिंपळगाव काय आहे हे न कळल्यामुळे सॉफ्टवेअरनं ते टाकून दिलं होतं. कुरकुर करायची नाही असं मीच त्याला बजावलेलं, मग सांगणार कोण? दोन शब्दांचं नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. वडीगोद्री एका शब्दाचं गाव होतं आणि मी घाईत होतो. मला माझी लाज वाटली.

परत जावं तर जाफराबाद हातचं जातं, आणि पुढे जावं तर कमलताईंचं सगळंच जातं. हिशोब काही केल्या बसेना. तेवढ्यात जीप भरली आणि सुटली. मी चालत्या जीपमधून दुरुस्त ओळ मेसेजनं पाठवली आणि फोनवर ओरडून सांगितलं, "नावाच्या आधी अवतरण उघडा, नाव संपलं की बंद करा."

शेजारचे फेटेवाले आजोबा माझ्याकडे बघत होते. "अवतरण कशाला, भाऊ?"

"नाव फुटू नये म्हणून, आजोबा."

"नावाला बी कुंपण लागतं का मंग," ते म्हणाले आणि त्यांनी ते मागच्या सीटवरच्यांना समजावून सांगितलं.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "सर, तुमची ओळ मेसेजमधून उचलून मशीनवर चिटकवली, तर आता कायच वळखंना. मी बघितलं बारीक नजरेनं. फोनवर तुमचं अवतरण वाकडं आलंय, टोकाला बाक हाये. आमच्या मशीनवर सरळ उमटतं, उभं."

बरोबर होतं. फोन चिन्हांना स्वतःहून वळण देतो, आणि असलं वळणदार अवतरण काळ्या खिडकीला चालत नाही. हे माझ्या लक्षात यायला ऑफिसात तास गेला असता. मी म्हणालो, "ताई, चिकटवू नका, हातानं..." आणि रेंज गेली.

पुढचा पाऊण तास मी काय पाहिलं ते सांगतो, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. वेचणीला आलेल्या कपाशीची रानं, तुरीच्या पिवळ्या कडा, सोयाबीनच्या भुसाचे ढीग. ऊन तिरपं झालं होतं. सुंदरच असणार ते सगळं. मला मात्र डब्याच्या झाकणावरची दहा बोटं दिसत होती. उरलेले तीनही धपाटे मी आजोबांना देऊन टाकले.

जाफराबादला उतरलो तेव्हा पाच वाजले होते. रेंज आली, आणि पाठोपाठ फोन.

"झालं सर. यादीत 'तयार' दिसून राह्यलं. अख्खं नाव आलं, कुंभार पिंपळगाव."

"कसं केलंत?"

"हातानं टाइप केली ओळ. तो वाकडा मेसेज समोर ठेवला, अन् अवतरण सरळ दिलं. आमचं कामच हे हाये, सर. दहा मशीन मी केल्या, पाच कमलताईंनी. त्यांनी तर जागा अशा बराबर सोडल्या, का मी बघत राह्यले."

परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षार्थीनं परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवणं नियमात बसतं का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. तेवढा एक प्रश्न मी अजून गिळून आहे.

जाफराबादचं केंद्र शेख सरांचं, मशिदीजवळच्या गल्लीत. सहाला तासभर होता. मी ओळ टाइप केली, बटणावर बोट ठेवलं, आणि थांबलो.

"सर, हे एकदा वाचून बघता का?"

शेख सरांनी चष्मा लावला आणि गावाचं नाव अक्षर अक्षर वाचलं. "बिलकुल बराबर हाय. पर इतकी जल्दी काय? आमच्याकडं चहा पिल्याबिगर कुणी बटन दाबत न्हाई." आम्ही चहा प्यायलो, खारी बुडवून. सगळं होऊन सहाला दहा मिनिटं उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पुण्याच्या बसमध्ये होतो. पाय हलत होता. मला कमलताईंचा नंबरही माहीत नव्हता, तो विचारायचं सुचलं नव्हतं. घरी पोचल्यावर बायकोनं सवयीनं विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी नेहमीसारखं 'झाला' म्हणणार होतो, पण बसलो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे त्या क्लासच्या बाई बिचाऱ्या सकाळपासून सांगत होत्या. मी म्हणालो, हो.

ऑफिसात आता माझी ओळ जरा बदलली आहे. गावाचं नाव अवतरणात असतंच, शिवाय सुरू होण्याआधी ती एकदा थांबते आणि पडद्यावर विचारते: 'गावाचं नाव बराबर आहे का?' साहेबांनी विचारलं, हे 'बराबर' काय, शुद्धलेखन बघा जरा, आणि यात वेळ जातो. मी म्हणालो, जातो. शब्द तसाच ठेवला.

निकालानंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुनंदाताईंकडून माझा नंबर घेतला होता म्हणे.

"भाऊ, कमल बोलते. वळखलं का?"

"ओळखलं. चुका किती झाल्या?"

"तीन," त्या म्हणाल्या. "पण जागेची एक बी न्हाई. अंगठा पास झाला."