वालुमाशीच्या मागे सुरगाण्याला

सायखेड्याहून निघालो तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. गोदावरीकाठच्या त्या गावात वालुमाश्या हव्या तेवढ्या मिळाल्या, पण त्यासाठी तीन सकाळी गोठ्यांच्या भिंतींना नाक लावून उभं राहावं लागलं. वर प्रत्येक घरी तोच प्रश्न: "मॅडम, एवढे डास सोडून या चिलटांच्या मागं का लागलात?"

वालुमाशी डासाहून कितीतरी लहान. आवाज करत नाही, पंख उभे धरून बसते आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारते. चावली की मात्र आग होते. काही जातींच्या माद्या लहान मुलांना मेंदूज्वर देणारा विषाणू वाहतात. नदीकाठच्या आणि डोंगरातल्या माश्या एकाच कुळीच्या आहेत की वेगळ्या, हे डीएनएवरून पाहायचं, हे माझं काम. कूळ वेगळं असेल, तर इकडे लागू पडलेली फवारणी तिकडे पडेलच असं नाही. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेच्या नकाशावर सायखेडा-विंचूरच्या बाजूला ठिपके होते. डोंगरातला सुरगाणा तालुका कोरा. तिथे माश्या नाहीत म्हणून नव्हे. तिथे कुणी गेलंच नव्हतं.

आमचे ड्रायव्हर भाऊसाहेब विंचूरचे. वणी मागे पडल्यावर म्हणाले, "शॉर्टकट हाय मॅडम. गुजरातची हद्द लागती जराशी, पण तासभर वाचल."

मी हो म्हटलं. माझंच चुकलं. हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसाने डिकी उघडली आणि पाच लिटरचा कॅन बाहेर काढला.

"ये क्या है?"

"अल्कोहोल," मी खरं बोलून बसले.

त्याचा चेहरा बदलला. दारूबंदीच्या राज्यात मी कॅन भरून अल्कोहोल घेऊन निघाले होते! माश्या कुजू नयेत म्हणून त्यात बुडवून ठेवतात, हे मी माझ्या हिंदीत समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आतल्या साहेबांना ओरडून सांगितलं, "सर, मॅडम मक्खियों को शराब पिलाने ले जा रही हैं!"

पाऊण तास हुज्जत घालून आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. वाचणाऱ्या एका तासापायी तीन तास गेले.

सुरगाण्यातल्या ज्या पाड्यावर जायचं होतं, त्याचा शेवटचा चढ आमच्या गाडीला झेपेना. ती खाली सोडून प्रवासी जीपमध्ये बसले: आत चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि माझ्या मांडीवर तो कॅन. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला, वरच्या उतारावर नागली (नाचणी). एरवी मी डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी फक्त कॅनचं झाकण पाहत होते.

पाड्यावर हिराबाई वाट पाहत होत्या. त्या इथल्या आशाताई. गावाला त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी पहिल्या घरात शिरले आणि कपाळाला हात लावला. भिंती ताज्या सारवलेल्या. दुसरं घर, तिसरं घर, गोठासुद्धा! माश्या ज्या भेगांत बसतात, ती एकेक भेग शेणमातीने बुजवलेली.

"पाहुणी येणार म्हणून सांगितलं मी," हिराबाई कौतुकाने म्हणाल्या. "दोन दिस बाया सारवत होत्या."

यावर रागवायचं कुणावर? नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ पुढे आली. चव फार छान होती आणि मी ती तोंड पाडून खाल्ली.

शेवटी हिराबाईंनीच विचारलं, "माशी आहा (आहे) तरी कशी? दाखवा."

मी सायखेड्याची कुपी आणि भिंग पुढे केलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "ही होय! हिला घरात काय शोधता? वारुळाकडं लय असती."

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या मला पाड्याच्या मागे घेऊन गेल्या. जुन्या मोहाच्या बुंध्याशी वारूळ होतं. तोंडाने हवा ओढून माशी आत घ्यायची ओढनळी लावली आणि पहिल्याच दमात चार माश्या आल्या. मी आनंदाने वळले, तर हिराबाई दुसरीकडे पाहत होत्या. वीसेक पावलांवर एक घर होतं.

"तिथली सोनी. सहा वर्षांची. गेल्या पावसात दुपारी ताप आला, झटके आले. जीप मिळेपर्यंत रात झाली. सकाळी गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हीच माशी होती का ती?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "आज नाही सांगता येणार," मी म्हटलं. "कदाचित कधीच नाही. तेव्हा कुणी तिचं रक्त तपासलं नाही, माश्या धरल्या नाहीत."

"मग आता कशाला आलात?"

मला फार चीड आली. त्यांची नव्हे; नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेची, आणि ती कोरी असण्यात माझाही वाटा होता, त्याची. मी नळीतल्या माश्या कुपीत सोडल्या. त्यांनी हात पुढे केला. "द्या ती दुसरी नळी."

ऊन चढेपर्यंत आम्ही एकोणचाळीस माश्या धरल्या. त्यातल्या बावीस त्यांच्या.

पुण्याला परतून तपासण्या व्हायला बरेच आठवडे लागले. दिसायला नदीकाठच्यांसारख्याच, पण डीएनएने वेगळ्या कुळीच्या निघाल्या. विषाणू सापडला नाही. मी हिराबाईंना फोन केला.

"म्हणजे माशीचा दोष नाय?"

"तसं नाही. या एकोणचाळिसांत विषाणू नव्हता, एवढंच."

"सोनीच्या आईला काय सांगू?"

"सांगा, माश्या इथे आहेत आणि त्या वेगळ्या आहेत, हे आता कागदावर आलंय. फवारणी मागायला तो कागद चालेल."

"पाठवा तर मग. पण ती सातवी शिकलीय. तिला वाचता येईल असा पाठवा."

आयुष्यभर मी शोधनिबंध लिहीत आले. तो एक पानाचा मराठी कागद लिहायला मला चार दिवस लागले. पहिले तीन खर्डे फाडले. त्यांतलं एकही वाक्य सोनीच्या आईला शेवटपर्यंत वाचता आलं नसतं.