बाईंचा शेवटचा रेणू

औषधं शोधणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे ज्योतिषी म्हणत. नवा रेणू बनायच्या आधीच तो आजाराच्या प्रथिनाला घट्ट धरून बसेल की नाही, हे तो संगणकावर काढून देई. अणूंना हलू द्यायचं, रेणू कुठल्या स्थितीत किती रमतो ते मोजायचं आणि त्यावरून मुक्त ऊर्जेचा आकडा काढायचा. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट. बायको म्हणायची, "रेणूंचं भविष्य कळतं, आणि घरातलं दूध संपलेलं कळत नाही!"

एका रेणूचा हिशेब त्याने अणूंच्या दोन वेगळ्या सुरुवातीच्या मांडण्यांपासून केला. एकदा आकडा झकास आला, एकदा अगदीच सुमार.

"म्हणजे नक्की काय?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही. हिशेब आणखी बराच चालवावा लागेल."

"मशीनं दुसऱ्या कामाला दिलीत. चांगला आकडा खोटा आहे का?"

"तसंही म्हणता येत नाही."

"मग झालं तर!"

बैठकीत पडद्यावर चांगला आकडा तेवढा झळकला. ज्योतिषी मिठाची गुळणी धरून बसला.

रेणू बनवायचं काम बाईंकडे आलं. प्रयोगशाळेत त्या सगळ्यांत जुन्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या हातचा एकही रेणू आजवर औषध झाला नव्हता. न राहवून तो त्यांच्याकडे गेला.

"बाई, दुसरा आकडा वाईट होता."

"म्हणजे हा चिकटणारच नाही?"

"तेही छातीठोकपणे नाही सांगता येत."

"अरे, मग मी काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

बाई कामाला लागल्या. मधल्या पायरीवर सगळ्याचं डांबर झालं, तेव्हा बाईंनी भांडी घासून पहिल्यापासून सुरुवात केली. इकडे मशीन मोकळं सापडेल तसा तो हिशेब पुढे रेटत राहिला. शेवटी उलगडा झाला. पहिल्या, चांगल्या आकड्याच्या हिशेबात प्रथिनाच्या खोबणीत पाण्याचा एक रेणू असायला हवा होता, तो नव्हताच. ते पाणी आत शिरलं की बाईंचा रेणू सैल होऊन बाहेर पडे.

तो साहेबांकडे धावला. "आता एकच पायरी उरलीय," साहेब म्हणाले. "होऊन जाऊ दे."

तो तसाच प्रयोगशाळेत गेला. बाईंनी काचेची बशी उजेडात धरली होती. "बघ, किती स्वच्छ स्फटिक आलेत! आता शेवटची पायरी तेवढी उरली."

"छान आलेत," तो म्हणाला. आणि पाण्याचं काही न सांगता परत फिरला.

चाचणीत रेणू चिकटला नाही.

"तुला कळलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो. पण फार उशिरा."

"तेव्हाच सांगितलं असतंस तरी शेवटची पायरी मी केलीच असती," बाई म्हणाल्या आणि हातमोजे काढून टाकले. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीस बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या चिकाटीचं तोंड भरून कौतुक केलं. मग ज्योतिष्याला बोलायला बोलावलं. मागच्या रांगेतून त्याने नुसती मान हलवून नकार दिला.